मसलबरा ओल्ड लिंक्स: स्वस्त, जुनं आणि सगळ्यांना खुलं मैदान (खेळायला जाण्याआधी वाचा)

वाळूतला_चेंडू

उन्हाळ्यात एडिंबरोला येणारे बरेच मराठी गोल्फर सेंट अँड्र्यूजचं नाव घेऊन येतात. ते मैदानही सार्वजनिकच आहे, पण २०२४ च्या मुख्य हंगामात ओल्ड कोर्सच्या एका फेरीला ३२० पौंड पडत होते. त्यातून बॅलटमध्ये (सोडतीत) नाव लागायला हवं, आणि रविवारी तिथे एरवी खेळ नसतो. म्हणून हा धागा दुसऱ्या एका मैदानासाठी.

एडिंबरोच्या पूर्वेला सहा मैलांवर, फोर्थच्या खाडीकाठी मसलबरा आहे. तिथल्या घोड्यांच्या रेसकोर्सच्या आत नऊ होलचं लिंक्स, म्हणजे समुद्रकाठच्या वाळूवरचं मैदान आहे. पार (अपेक्षित फटके) ३४, लांबी तीन हजार यार्डांच्या आत, सभासदत्वाची अट नाही, आणि फी वरच्या आकड्याच्या दहाव्या हिश्श्यापेक्षाही कमी. इथे २ मार्च १६७२ रोजी गोल्फ खेळल्याची नोंद सर जॉन फौलिस यांच्या हिशेबवहीत आहे. १८७४ ते १८८९ या काळात ओपन चॅम्पियनशिप ही गोल्फची नामांकित स्पर्धा इथे सहा वेळा झाली. तेव्हा स्पर्धा ३६ होलची असायची, म्हणजे याच नऊ होलच्या चार फेऱ्या.

आज जगभर होलचा व्यास सव्वाचार इंच असतो. १८२९ चं इथलं होल पाडायचं यंत्र याच मापाचं होतं, आणि १८९० च्या दशकात तेच माप सगळीकडे ठरलं. पुण्यात असो की नागपुरात, आपण पट (होलाकडे घरंगळवलेला फटका) घालतो तो याच मापाच्या होलात.

मैदानाचा चेहरा साधा आहे. दिखाऊ काहीच नाही. पण जमीन इतकी कसलेली आहे की खेळ येणाऱ्याला तिथे खूप काही सापडतं. तयारी कशी करायची ते इथे लिहूया. माहितगारांनी भर घालावी.

ताशी_वारा

पहिली भर पत्त्याची, कारण चूक तिथेच होते. मसलबऱ्याच्या नावाची तीन ठिकाणं आहेत. 'मसलबरा गोल्फ क्लब' मंकटनहॉलला आहे, 'रॉयल मसलबरा' प्रेस्टनग्रेंजला आहे, आणि आपण बोलतोय ते 'मसलबरा लिंक्स, द ओल्ड कोर्स' बाल्कारेस रोडवर, रेसकोर्सला लागून. टॅक्सीवाल्याला नुसतं 'मसलबरा गोल्फ' सांगितलं तर तो मंकटनहॉलला नेऊन सोडू शकतो. 'रेसकोर्स' हा शब्द उच्चारायचाच.

एडिंबरोच्या वेव्हर्ली स्टेशनहून रेल्वेने दहा मिनिटांच्या आत मसलबरा स्टेशन येतं, पण स्टेशन गावाच्या दुसऱ्या अंगाला आहे. तिथून बॅग खांद्यावर घेऊन बऱ्यापैकी चालावं लागतं. एडिंबरोहून लोथियनची बस थेट गावात येते. सामान असेल तर बसच बरी.

दुसरं, शर्यतीचं वेळापत्रक. घोड्यांच्या शर्यती असतात त्या दिवशी गोल्फ बंद. शर्यती वर्षभर चालतात, उन्हाळ्यात सपाट आणि हिवाळ्यात अडथळ्यांच्या. म्हणून आधी रेसकोर्सचं कॅलेंडर बघायचं, मग टी-टाइम (खेळ सुरू करायची ठरलेली वेळ), आणि त्यानंतरच राहण्याचं बुकिंग. क्रम उलटा केला की हमखास पंचाईत होते.

हरळीवरून

भारतात शिकलेल्यांसाठी सगळ्यात मोठा फरक गवताचा असतो. आपल्याकडच्या मैदानांवर बहुधा हरळी असते. तिची पाती जाड आणि ताठ, त्यामुळे फेअरवेवर (आखूड गवताच्या मुख्य पट्ट्यावर) चेंडू जमिनीपासून थोडा वर उचललेला राहतो. क्लब त्याच्याखालून सहज जातो. क्लब चेंडूच्या मागे जरा जमिनीला लागला तरी शॉट निभावून जातो.

लिंक्सवर बारीक पात्याचं फेस्क्यू आणि बेंट असतं, आणि खाली वाळू. पावसाचं पाणी झिरपून जातं, जमीन घट्ट राहते, चेंडू अगदी टेकून बसतो. इथे मागे लागलेला शॉट माफ होत नाही.

आता ६० अंशांच्या वेजचं (चेंडू उंच उडवणाऱ्या क्लबचं) काय होतं ते बघा. आपल्या बॅगेतल्या वेजला बहुतेक वेळा १० ते १२ अंश बाउन्स (पुढच्या धारेखाली तळाच्या फुगवट्याचा कोन) असतो. उंच शॉट मारायचा म्हणून आपण फेस (चेंडूला लागणारी बाजू) उघडतो, तसा बाउन्स आणखी वाढतो. घट्ट जमिनीवर क्लबचा तळ आपटून उसळतो आणि पुढची धार चेंडूच्या पोटावर बसते. चेंडू जमिनीलगत सुसाट ग्रीनच्या (होलाभोवतीच्या अगदी आखूड गवताच्या) पलीकडे. याला लोक नशिबाचा फेरा म्हणतात, पण कारण सरळ भूमितीचं आहे. वेज न्यायचाच तर ४ ते ६ अंश बाउन्सचा न्या, आणि फेस सरळ ठेवा.

त्याहून बरं म्हणजे चेंडू हवेत नेऊच नका. ग्रीनबाहेरून चेंडू थोडाच उडवून पुढे पळू द्यायचा. यासाठी बाराचा हिशेब चालतो: बारातून आयर्नचा (लोखंडी डोक्याच्या क्लबचा) नंबर वजा करा, उरलेला आकडा म्हणजे उड्डाणाच्या किती पट चेंडू घरंगळेल. नऊ आयर्न घेतलं तर उडण्याच्या तिप्पट, आठ घेतलं तर चौपट, सात घेतलं तर पाचपट. पिचिंग वेज दहावा धरायचा, म्हणजे दुप्पट.

उदाहरणार्थ, होल २० पावलांवर आहे आणि ग्रीनची कड ४ पावलांवर. चेंडू कडेच्या आत एक पाऊल पडला पाहिजे, म्हणजे ५ पावलं उड्डाण आणि १५ पावलं घरंगळणं. तिप्पट झालं, तेव्हा नऊ आयर्न. चेंडू मागच्या पायाच्या बाजूला, वजन पुढच्या पायावर, हात चेंडूच्या किंचित पुढे, मनगट न मोडता पटसारखा झोका. हा हिशेब सपाट जमिनीचा आहे. चढ असेल तर एक नंबर कमी घ्या (नऊऐवजी आठ), उतार असेल तर एक जास्त.

वाळूतला_चेंडू

@हरळीवरून, उत्तम. एक जोड: कडेबाहेर तीन-चार यार्डांवर चेंडू असेल आणि मधलं गवत आखूड असेल तर सरळ पटर घ्या. इथे ती तडजोड नाही, तोच योग्य शॉट आहे. खराब पटसुद्धा बहुतेक वेळा खराब चिपपेक्षा होलाजवळ थांबतो.

अंतरमोजे

क्लब निवडताना पुण्याचे आकडे जसेच्या तसे नेऊ नका. पुणे समुद्रसपाटीपासून साधारण ५६० मीटरवर आहे, तिथली हवा विरळ, त्यामुळे चेंडू सुमारे दोन टक्के जास्त जातो. त्यात पुण्याचं ३० अंश तापमान आणि मसलबऱ्याचं १४ अंश. थंडीत चेंडू कमी उसळतो आणि हवा दाट होते. पुण्यात १५० यार्ड जाणारं सात आयर्न तिथे वारा नसताना १४३ च्या आसपास धरा. मुंबईकरांना उंचीचा फरक पडत नाही, फक्त तापमानाचा पडतो.

मग वारा. समोरून वारा असेल तर ताशी दर मैलाला एक टक्का अंतर वाढवायचं, पाठीमागून असेल तर अर्धा टक्का कमी करायचं. १५० यार्डांचा शॉट, समोरून ताशी १५ मैल वारा: १७२ यार्ड धरून खेळा. तोच वारा पाठीमागून: १३९. समोरचा वारा जितकं हिरावून घेतो तितकं पाठीमागचा परत देत नाही, हे डोक्यात पक्कं असू द्या.

समोरच्या वाऱ्यात होणारी हमखास चूक म्हणजे जोरात मारणं. जोर वाढला की चेंडूची उलटी फिरकी वाढते, चेंडू वर चढतो आणि वारा त्याला उभा धरतो. दोन नंबर खालचं, म्हणजे लांब आयर्न घ्या (सातऐवजी पाच), ग्रिप इंचभर खाली धरा, झोका तीन-चतुर्थांश आणि शेवट छातीच्या उंचीवर. चेंडू खालून जातो.

वारा बहुधा नैऋत्येकडून असतो. पूर्वेचा सुटला तर समुद्रावरून दाट धुकं येतं, त्याला तिथे 'हार' म्हणतात. वसंतात आणि उन्हाळ्यात ते अर्ध्या तासात मैदान झाकून टाकतं, तापमान झपकन उतरतं. जुलै असला तरी बॅगेत वाऱ्याचं जॅकेट आणि सुका हातमोजा हवाच.

लाकडी_दांडा

हिकरीबद्दल कोणी लिहिलं नाही म्हणून लिहितो. या मैदानावर जुन्या पद्धतीच्या, हिकरी लाकडाच्या दांड्याच्या क्लबांचा सेट भाड्याने मिळतो. नऊ होल असल्यामुळे तो प्रयोग झेपतो, अठरात दमछाक होते. सेट छोटाच असतो. त्यांवर नंबर नसतात, नावं असतात. ढोबळ मेळ असा: मॅशी म्हणजे आपलं पाच आयर्न, मॅशी-निब्लिक म्हणजे सात, निब्लिक म्हणजे नऊ. क्लीक लांब आणि उभं, ते नवख्याने न वापरलेलं बरं. ब्रॅसी म्हणजे तळाला पितळी पट्टी असलेलं 'लाकूड', म्हणजे लाकडी डोक्याचा क्लब. मैदानालगतच्या रस्त्यावरून शॉट मारताना लाकडी तळ झिजू नये म्हणून ती पट्टी आली, आणि ब्रॅसीचा जन्म इथलाच, असं मसलबरावाले सांगतात.

हिकरीचा दांडा वाकतो तसा पिळवटतोही. वरून झटका देऊन सुरुवात केली की डोकं मागे राहतं आणि फेस उघडा येऊन चेंडूला भिडतो. उजव्या हाताने खेळणाऱ्याचा चेंडू मग उजवीकडे जातो. उपाय एकच, लय. झोक्याच्या माथ्यावर क्षणभर थांबा, डोक्याचं वजन हाताला जाणवू द्या आणि मगच खाली या. ताकद ७०-७५ टक्के.

आणखी काही पथ्यं:

चेंडू मऊ वापरा, कमी कॉम्प्रेशनचा. रेंजवरचा कडक चेंडू मारू नका, दांड्याच्या मानेला झटका बसतो. टी (चेंडू ठेवायची खुंटी) जमिनीलगत, जेमतेम बोटभर. डिव्हॉट (क्लबने उडणारा माती-गवताचा तुकडा) खोल काढायचा नाही, चेंडू आधी टिपायचा आणि गवत फक्त चाटून जायचं. हिकरी मोडते ती मानेजवळ, आणि मोडते ती जमीन खणल्यामुळे. राफमध्ये दाट गवत असेल तर निब्लिकने बाजूला काढा, वीरश्री नको. ग्रिप चामड्याची असते, ओली झाली की निसटते, म्हणून एक कोरडा पंचा कमरेला. क्लबवर टेकून उभं राहायचं नाही.

कोरा_पंचा

@लाकडी_दांडा, हिकरीने खेळताना अंतर किती कमी धरायचं?

लाकडी_दांडा

आयर्नला दीड ते दोन क्लब. तुमचं सात आयर्न जिथे जातं तिथे मॅशी जाईल, मॅशी-निब्लिक नाही. शिवाय चेंडू खाली उडतो आणि जास्त पळतो. म्हणून ग्रीनवर नाही, ग्रीनच्या पुढ्यात टाकायचा. दिशा बघताना ध्वजाकडे नंतर बघा, आधी ग्रीनच्या तोंडाशी बंकर (वाळूचा खड्डा) नसलेली वाट शोधा.

आखीवरेखीव

मला थोडं वेगळं मांडायचं आहे. नऊ होल, मध्ये रेसकोर्सचे कठडे, बाजूने गाड्यांचा रस्ता. इतक्या लांब येऊन एवढंच खेळायचं असेल तर आणखी पैसे साठवून याच ईस्ट लोथियन भागातलं एखादं अठरा होलचं मोठं लिंक्स का खेळू नये? इतिहास ठीक, पण देखभालीत तफावत दिसतेच.

वाळूतला_चेंडू

प्रश्न रास्त आहे. ज्यांना एकच फेरी खेळायची आहे आणि रेशमासारखी ग्रीन्स हवी आहेत, त्यांनी मोठ्या मैदानावर जावं. देखभालीचा फरक आहे आणि तो फीमध्येही दिसतो.

पण 'एवढंच' म्हणू नका. चौथं होल घ्या, 'मिसेस फॉर्मन्स'. लांब पार चार, ग्रीनपलीकडे त्याच नावाची जुनी खानावळ होती. १८७० मध्ये विली पार्क आणि टॉम मॉरिस या त्या काळच्या नामांकित गोल्फरांच्या सामन्यात प्रेक्षक चेंडूशी खेळ करू लागले तेव्हा मॉरिस आणि पंच याच खानावळीत जाऊन बसले, आणि पार्क उरलेले होल एकटा खेळून विजय मागत राहिला. पहिली ओपन, १८६० ची, जिंकणारा तो हाच थोरला विली पार्क, मसलबऱ्याचा. त्याच्या मुलाने, धाकट्या विली पार्कने, इथली शेवटची ओपन १८८९ मध्ये जिंकली. तीही प्लेऑफमध्ये, अँड्र्यू कर्काल्डीला हरवून. ती स्पर्धा नोव्हेंबरात होती, मागे राहिलेल्या जोड्यांना अंधार गाठला आणि रस्त्यावरच्या दिव्यांच्या उजेडात खेळ संपवावा लागला.

१८९१ मध्ये ऑनरेबल कंपनी हा जुना गोल्फ क्लब इथून म्युअरफील्डच्या मैदानावर गेला आणि पुढच्याच वर्षी ओपनही तिकडे गेली. नऊ होल मात्र गावाकडे राहिले. जे मैदान एकेकाळी या खेळाच्या केंद्रस्थानी होतं, तिथे आज कोणीही पैसे भरून टी लावू शकतो. मला ही गोष्ट फार मोलाची वाटते.

आणि अडचणीचं म्हणाल तर कठडे आणि ट्रॅक हा इथल्या खेळाचाच भाग आहे. त्याचे नियम कोणीतरी नीट लिहा.

नियमावली_१६

लिहितो. सगळ्यात आधी स्कोअरकार्डाच्या मागचे स्थानिक नियम वाचा. ट्रॅक, कठडे, रस्ता यांपैकी काय हद्दीबाहेर, काय अडथळा आणि काय मैदानाचा अविभाज्य भाग, हे तिथेच ठरतं आणि बदलूही शकतं. खालचं सगळं 'कार्डावर वेगळं काही नसेल तर' असं वाचावं.

हलवता न येणारा अडथळा असेल तर नियम १६.१ प्रमाणे दंडाविना सुटका मिळते, पण ती चेंडू, उभं राहण्याची जागा किंवा झोक्याची वाट अडत असेल तरच. कठडा नुसता होलाच्या रेषेत येतो म्हणून सुटका नाही. नवखे इथे हमखास वाद घालतात. पूर्ण सुटकेचा सर्वात जवळचा बिंदू शोधायचा, तिथून एका क्लबच्या लांबीत, होलाच्या अधिक जवळ न जाता, गुडघ्याच्या उंचीवरून चेंडू सोडायचा. तो बिंदू कुठे पडेल ते आधी बघा आणि मगच चेंडू उचला. कधीकधी तो दाट गवतात पडतो आणि आहे तिथूनच खेळणं परवडतं.

ट्रॅकवर घोड्यांच्या टापांचे खड्डे असतात. ते आपोआप 'दुरुस्तीखालील जमीन', म्हणजे दंडाविना सुटकेची जागा, होत नाहीत. खुणा केलेल्या असतील किंवा कार्डावर लिहिलेलं असेल तरच.

चेंडू रस्त्याकडे गेला आणि शंका असेल तर जागा सोडण्याआधी दुसरा मारा आणि 'प्रोव्हिजनल' (तात्पुरता चेंडू) हा शब्द स्पष्ट उच्चारा. 'अजून एक मारतो' म्हटलं तर तो चेंडू खेळात आला, पहिला गेला. शोधायला तीनच मिनिटं.

बंकरमध्ये दगड असेल तर तो उचलता येतो. मात्र उचलताना चेंडू हलला तर एक फटका दंड.

हरळीवरून

बंकर निघाला म्हणून. जुन्या सार्वजनिक मैदानांत बंकरची वाळू बऱ्याचदा पातळ आणि दबलेली असते. वारा ती उडवून नेतो आणि नवी भर घालायला पैसे लागतात. नेहमीसारखं फेस उघडून दोन इंच मागे मारलं की क्लब वाळूत शिरतच नाही, उसळतो. अशा वाळूत फेस जवळपास सरळ, इंच-सव्वा इंच मागे, आणि ५४-५६ अंशांचा क्लब. आधी पायाने अंदाज घ्या. उभं राहताना टाचा रुतल्या तर वाळू आहे, रुतल्या नाहीत तर खाली घट्ट थर. हाताने किंवा क्लबने चाचपलं तर दंड आहे.

मसलबऱ्याचा नामांकित बंकर 'पँडी', म्हणजे पँडेमोनियम. त्यात पडलात तर ध्वज विसरा, सगळ्यात बुटकी कड बघून बाहेर या.

अंतरमोजे

ग्रीन्सचंही तसंच. कमी पाणी आणि कमी खतावर चालणारी जुनी ग्रीन्स स्टिम्पवर (ग्रीनचा वेग मोजायच्या पट्टीवर) आठ फुटांच्या आसपास असतात. टीव्हीवर बघतो त्या दहा-बारावाल्या ग्रीनपेक्षा बरीच मंद. मंद ग्रीनवर चेंडू कमी वळतो, म्हणून दिसतं त्याच्या दोन-तृतीयांशच वळण धरा आणि होलापलीकडे फूट-दीड फूट जाईल असा पट मारा. पट तोकडा राहिला तर तो होलाशी पोचण्याआधीच खड्ड्याखळग्यांवर भरकटतो. संध्याकाळी रानपोआ या रानगवताचे झुबके वाढलेले असतात, तेव्हा जास्तच.

चेंडूने ग्रीनवर पाडलेला खळगा बुजवताना फोर्क खुपसून मधला भाग वर उचलू नका, त्याने मुळं तुटतात आणि तिथे टक्कल पडतं. कडेची माती चहूबाजूंनी मध्ये ढकला आणि पटरने दाबा. फेअरवेवरचा डिव्हॉट शोधून जागेवर ठेवायचा आणि पायाने घट्ट दाबायचा. कमी माणसांत चालणाऱ्या मैदानाला खेळणाऱ्यांची ही मदत फार लागते.

कोरा_पंचा

सोबत मुलं आणि न खेळणारे घरचे असतील तर? आणि क्लब भारतातून आणावेत का?

ताशी_वारा

मुलांसाठी एडिंबरो शहरातच ब्रंट्सफील्ड लिंक्स आहे. उन्हाळ्यात ३६ होलचं छोटं पिच अँड पट, खेळायला पूर्ण फुकट, आणि गोल्फ तिथेही शतकानुशतकं चालत आलेलं. पटर आणि एक वेज एवढंच लागतं. मात्र ती सार्वजनिक बाग आहे, लोक मधून चालत असतात. त्यांना आधी जाऊ द्यायचं, आणि चेंडू कोणाकडे गेला तर 'फोर' मोठ्याने ओरडायचं.

शहराच्या दक्षिणेला ब्रेड हिल्स आहे. १८८९ पासूनचं सार्वजनिक मैदान, टेकड्यांवरचं, अठरा होल. वरून किल्ला, शहर आणि खाडी एका नजरेत येतात. तिथे चढ भरपूर आणि काटेरी गॉर्स आहे. गॉर्समधला चेंडू शोधायला हात घालू नका, सरळ सोडून द्या.

क्लबचं म्हणाल तर अख्खे चौदा आणू नका. हलक्या बॅगेत सात पुरतात: तीन नंबरचं लाकूड किंवा हायब्रिड, पाच, सात, नऊ आयर्न, कमी बाउन्सचा ५४, पटर, आणि हवा असेल तर ड्रायव्हर. मऊ स्पाइकचे बूट, अर्धा डझन चेंडू, पावसाळी हातमोजे.

आणि वेळ. जूनमध्ये रात्री दहाच्या सुमारासही उजेड असतो, त्यामुळे संध्याकाळी सातची टी सहज जमते. गर्दीही तेव्हा कमी. दोघं असाल तर नऊ होलला दोन तास पुरेत. हातात वेळ असेल तर पहिली फेरी आपल्या क्लबांनी खेळा, जमीन समजून घ्या, आणि दुसरी हिकरीने. उलट केलंत तर हिकरीच्या सेटने कुठे टाकायचं हेच कळणार नाही.

कोरा_पंचा

सगळ्यांचे आभार. रेसकोर्सचं कॅलेंडर उघडलं आहे. शर्यत नसलेल्या दिवशीची संध्याकाळची टी विचारतो, आणि हिकरीचे दोन सेट त्याच वेळी राखून ठेवायला सांगतो.

लाकडी_दांडा

सेट राखताना कोणी डावखुरा असेल तर आधीच सांगा. डाव्या हाताचे हिकरी क्लब फार कमी ठिकाणी सापडतात.